पुढची सीट

"हे पहिल्यापसून असंच व्हतं का?"

हा प्रश्न विचारताना मावशी उजव्या हाताचा अंगठा वर करायच्या. त्या अंगठ्याचं नख लांब वाढवलेलं असायचं आणि कडेनं कायम काळपट. प्रश्न कुणालाही आणि कशाबद्दलही असे. हॉटेलात कप फुटका आला, की हॉटेलवाल्याला विचारणार. दवाखान्यात बायकांची रांग उन्हात आणि पुरुषांची सावलीत दिसली, की अंगठा वर. समोरचा माणूस गडबडून जायचा. आपण रोज जी गोष्ट पाहतो, तिला कधीतरी सुरुवात झाली असणार, हे आपल्या ध्यानातच येत नाही. तुमच्याही येत नसेल. माझ्या तर मुळीच येत नव्हतं.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीत फील्ड असिस्टंट होतो. कृषी पदविका नुकतीच हातात पडलेली, मोटारसायकल कंपनीची, टोपी कंपनीची आणि अक्कलही जवळपास कंपनीचीच. वाटूरजवळच्या एका शेतात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता आणि तिथलं क्रॉसिंग नीट होतंय की नाही, हे बघायचं माझं काम.

क्रॉसिंग म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय मावशी कळणार नाहीत. संकरित कपाशीचं बी आपोआप होत नाही, ते बायका करतात. शेतात मादीच्या ओळी वेगळ्या असतात, नराच्या वेगळ्या. मादीच्या ओळीत उद्या सकाळी उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखानं अलगद सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि खुणेला लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एखादी कळी सोलायची राहिली, तर ती स्वतःच फळते आणि तिच्या बोंडातलं बी भेसळीचं निघतं. हंगामात रोज हे करावं लागतं. कळीला रविवार नसतो.

हे काम करणाऱ्या परतूरच्या एकोणीस बायकांच्या टोळीच्या मावशी मुकादम होत्या. सकाळी सगळ्या एकाच जीपमधून यायच्या. अठरा जणी मागे कोंबलेल्या, त्यातल्या दोघीतिघी मागच्या पायरीवर लटकलेल्या. ड्रायव्हरशेजारी ऐसपैस मावशी. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, मिसरीची डबी आणि एक नेलकटर. बाकीची नखं आठवड्याला कापायची आणि अंगठ्याचं तेवढं जपायचं, हा त्या कामातला नेम. मुकादमानं पुढच्या सीटवर बसायचं, हाही सगळ्या टोळ्यांचा नेमच. मावशी त्या सीटवर अशा बसायच्या, की जीप त्यांनीच घेतली असावी असं वाटे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे जरा ताठ उभा राहून माझी ओळख करून दिली. त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही पहिल्यापसून साहेबच व्हते का?"

मी सांगितलं, की माझी आईसुद्धा लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची.

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. "बदलतं म्हनायचं."

त्या दिवसापासून त्यांच्यापुढे ताठ उभं राहणं मला काही जमलं नाही.

असे प्रश्न विचारायला त्या शिकल्या कुठे, हे मला बरेच दिवस कोडं होतं. शाळा दुसरीपर्यंत. सही करायच्या तीही थांबून थांबून. एकदा बांधावर चहा पिताना त्यांनीच सांगितलं. तरुणपणी त्या परतूरला एका जिनिंगमध्ये सरकी उचलायला होत्या. त्या जिनिंगमागे एका पत्र्याच्या खोलीत रविवारी कामगारांसाठी मार्क्सवादाचा अभ्यासवर्ग भरायचा. एक निवृत्त मास्तर शिकवायचे. भिंतीवर एका दाढीवाल्या बाबाचा फोटो होता आणि छताला पंखा होता. त्या भागात पंखा असलेली दुसरी खोली नव्हती.

"मी पंख्यासाठी गेल्ते," मावशी म्हणाल्या. त्यांनी हे कधीच लपवलं नाही.

मास्तर सांगायचे, की माणसाचा समाज पायरीपायरीनं बदलत आलाय. आधी सगळं सगळ्यांचं होतं, मग गुलाम आणि मालक झाले, मग जमीनदार आणि कुळं, मग कारखानदार आणि मजूर, आणि यापुढेही बदलणार आहे. मावशींना गुलामांपर्यंतचं नीट आठवायचं. पुढे पंख्याचा वारा लागून डोळा लागायचा आणि जाग यायची ती थेट कारखानदारापाशी. जमीनदारांचा काळ त्यांनी दर रविवारी झोपेत काढला. मी हसलो तर म्हणाल्या, की निजामाच्या राज्यातली देशमुखी त्यांच्या आज्यानं पाठीवर सोसली होती, ती पुन्हा मास्तरकडून काय शिकायची.

पण जे शिकल्या, ते त्यांनी आपल्या पद्धतीनं मुरवून घेतलं होतं. एकदा मी शहाणपणानं सांगायला गेलो, की समाज विचारांनी बदलतो, चांगली माणसं चांगले विचार सांगतात आणि लोक सुधारतात. मावशींनी ऐकून घेतलं आणि मला जात्याची गोष्ट सांगितली. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा सासू पहाटे उठवायची, दळायला बसवायची. दळताना ओव्या म्हणायच्या. सून पहाटे उठलीच पाहिजे, नाही उठली तर ती वाईट चालीची, असं सगळं गाव मानायचं. मग गावात पिठाची गिरणी आली. वर्षभरात जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या थांबल्या. आणि सहा वाजता उठणारी सूनही हळूहळू चांगल्या चालीची ठरली.

"सासूला कोनी विचार सांगितला का?" मावशी म्हणाल्या. "न्हाई. दगड थांबला, मंग गानं थांबलं, मंग सासूचं त्वांड थांबलं. आधी काम बदलतं साहेब. रीत मागून येती, लंगडत."

मास्तर याला पाया आणि इमला म्हणायचे, असंही त्यांनी सांगितलं. मावशींना ते शब्द गवंड्याचे वाटायचे, म्हणून त्या वापरत नसत.

काम पुढे जातं आणि जुनी रीत अडून बसते तेव्हा काय होतं, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. लेकरू वाढतं, झबलं वाढत नाही, मग शिवण उसवते. आई आधी जरा ओढून ताणून घालते, मग ठिगळ लावते, आणि शेवटी नवं शिवते. एवढंच. कळ्या सोलता सोलता त्या हे सगळं बायकांना सांगायच्या आणि बायका ऐकायच्या, कारण मावशी गोष्ट सांगायला लागल्या की दुपार लवकर सरायची. कुणी त्याला अभ्यासवर्ग म्हटलं असतं, तर त्या एकोणीसही जणी लाजल्या असत्या.

या वर्गात एकच विद्यार्थिनी अवघड होती. तिचं नाव नसीम. वय असेल बावीस-तेवीस, बारावी झालेली, हाताला चपळ आणि तोंडालाही. तिनं एक दिवस कळीवरची नजर न काढता विचारलं, "मावशी, मास्तर म्हणत होते ना की पुढची पायरी येनारच हाय. येनारच हाय तर आपुन कशाला दमायचं? बसून राहू की आरामात."

मावशींनी मिसरीची डबी काढली. मला वाटलं, संपलं आता यांचं शास्त्र. तीन दिवस त्या त्यावर विचार करत होत्या, हे त्यांच्या मिसरी लावण्यावरून कळत होतं. चौथ्या दिवशी सकाळी नराचं फूल हातात घेऊन त्या नसीमच्या ओळीत गेल्या.

"कळी आपोआप उमलती," त्या म्हणाल्या. "तिला कोनी थांबवू शकत न्हाई. पन क्रॉस आपोआप व्हत न्हाई. तेला हात लागतो, अन् टाइमावर लागतो."

नसीमनं मान डोलावली. मी जाडजूड पुस्तकं वाचलेली माणसं नंतर पुष्कळ ऐकली. या प्रश्नावर इतकं थोडक्यात कुणी बोललेलं माझ्या ऐकण्यात नाही.

आणि मग जीपचं प्रकरण झालं. त्या पायरीवर लटकून येणाऱ्यांत नसीमही असायची. एका सकाळी वळणावर तिचा हात सुटला आणि ती रस्त्यावर पडली. नशीब, की जीप हळू होती आणि मागून काही येत नव्हतं. डाव्या हाताला मार लागला, तो तिनं आठ दिवस ओढणीत बांधून गळ्यात अडकवला. 

मावशींनी दुसरी जीप मागितली. प्लॉटचा मालक म्हणाला, हे कंपनीचं काम. जालन्याला बसणारे माझे वरिष्ठ म्हणाले, हे प्लॉटमालकाचं काम. मी दोघांच्या मधे मोटारसायकलवरून हेलपाटे घालत होतो. मावशींनी मला विचारलं, की एका जीपमध्ये एकोणीस बायका, हे पहिल्यापासून असंच होतं का. मी म्हणालो, हो, मी आल्यापासून तर असंच आहे.

"तुम्ही कवा आल्ते?"

"दोन महिने झाले."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना बांधावर टेकावं लागलं. मीही हसलो, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी बायका नेहमीसारख्या आल्या. सकाळचं सगळं काम त्यांनी चोख केलं. कालच्या कळ्यांनी आपलं काय बिघडवलंय, असं मावशींचं म्हणणं. जेवणं झाली आणि कळ्या सोलायची वेळ झाली, तेव्हा सगळ्या ओळीनं बांधावर बसल्या. उठेनात. तीन वाजले, साडेतीन वाजले. शेतात उद्याच्या कळ्या तयार होऊन उभ्या. मालक मोटारसायकल पळवत आला, आधी ओरडला, मग विनवण्या केल्या. मी जालन्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, तासाभरात आपोआप उठतील, तू शांत राहा.

मावशींनी पिशवीतून नेलकटर काढलं. उजव्या हाताचा अंगठा पुढे धरला, आणि हंगामाआधीपासून जपलेलं नख टक् करून कापून टाकलं. मग नेलकटर शेजारी बसलेल्या नसीमच्या मांडीवर ठेवलं.

मालकाचा चेहरा उतरला. नख वाढायला किती दिवस लागतात आणि हंगाम किती दिवसांचा असतो, हे त्याच्याइतकं कुणाला पाठ असणार. नसीमनं एका हातानं नेलकटर उघडलं.

मावशी त्याला शांतपणे म्हणाल्या, "शेत तुमचं हाय. कळ्या तुमच्या हायेत. बी कंपनीचं हाय. नख आमचं हाय."

मी पुन्हा फोन लावला आणि सांगितलं, साहेब, बायका नखं कापायला लागल्या. त्यांनी विचारलं, कोणाची. मी म्हणालो, स्वतःची. मग मी त्यांना नखाचा आणि कळीचा संबंध समजावून सांगितला, कारण त्यांनी आयुष्यात कधी कळी सोललेली नव्हती. पाच मिनिटांत दुसरी जीप मंजूर झाली. मालक आणि कंपनी यांनी तिचं भाडं आपसात कसं वाटून घेतलं, ते त्यांचं त्यांना माहीत. त्या संध्याकाळी बायकांनी अंधार पडेपर्यंत कळ्या सोलल्या, एक सोडली नाही. मला त्या दिवशी कंपनीचा माणूस म्हणून काळजी वाटायला हवी होती. पण मला फार आनंद झाला होता, आणि तो लपवायला मी विहिरीकडे जाऊन तोंड धुऊन आलो.

कापलेल्या नखामुळे मावशींना कळ्या सोलता येईनात. त्या पाणी आणायच्या, लाल कागद कापून द्यायच्या. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. कमीपणा दुसरीकडून आला.

दोन जीप झाल्या तशा पुढच्या सीटाही दोन झाल्या. पहिल्या जीपमध्ये मावशी नेहमीसारख्या पुढे बसल्या, आणि दुसरीत पुढे कुणी बसायचं ते त्याच ठरवायला लागल्या. नसीम जीपच्या दाराशी उभी होती, हात अजून गळ्यात. तिनं फार नरम आवाजात विचारलं, "मावशी, मुकादमानंच पुढं बसायचं, हे पहिल्यापसून असंच व्हतं का?"

त्या सकाळी मी परतूरहून त्यांच्याबरोबरच निघालो होतो, म्हणून हे मी ऐकलं. मावशींनी दार लावून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल, जल्दी."

दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. गोष्ट नाही, जातं नाही, झबलं नाही. सीटवर मात्र बसत होत्या. आपले गुडघे दुखतात, मागे मांडी घालून बसवत नाही, असं त्या कुणी न विचारता दोनदा म्हणाल्या. मला त्यांची दया आली. पंचवीस वर्षं बाकीच्या जगाला विचारलेला प्रश्न फिरून घरी आला होता.

तिसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी आल्या आणि मागच्या पायरीजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. नसीम आली तशी तिला म्हणाल्या, "नंबर लावा. माझा शेवटी लिवा."

दुपारी पाण्याच्या माठाजवळ मला म्हणाल्या, "भाऊ, दुसऱ्याच्या खुर्चीबद्दल इचारनं सोपं हाय. सीट आपली असली की गुडघे दुखाया लागतात." त्या दिवसापर्यंत मी साहेब होतो. त्या दिवसापासून भाऊ झालो.

नसीमनं बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर पहिल्या जीपची दहा नावं लिहिली आणि तो ड्रायव्हरच्या सीटमागे सुतळीनं टांगला. दहावं नाव मावशींचं. गुडघ्यांमुळे तुम्ही रोजच बसा, असं बायका मनापासून म्हणाल्या, नसीम तर रडकुंडीला आली. मावशींनी ऐकलं नाही. दर दहा दिवसांनी त्यांचा नंबर यायचा. त्या दिवशी त्या धुतलेलं लुगडं नेसून यायच्या, खिडकीची काच पूर्ण खाली करायच्या आणि रस्त्यानं ओळखीचं कुणी दिसलं की हात करायच्या. मला म्हणायच्या, पूर्वी रोज बसत होते तेव्हा इतकी मजा कधी आली नाही.

पुढे मी कंपनी सोडली आणि परतूरला बी-बियाण्याचं छोटं दुकान टाकलं. बायकांच्या जीप माझ्या दुकानासमोरूनच सुटायच्या, त्यामुळे भेट रोजची झाली. एकदा मावशींनी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट हातात घेतलं आणि म्हणाल्या, ह्यावर काय काय लिहिलंय ते सगळं वाच. मी कंपनीचं नाव वाचलं, वाणाचं वाचलं, उगवणशक्ती वाचली, विषारी औषध लावल्याची सूचना वाचली. त्यांनी पाकीट उलटं करून पाहिलं. पुढच्या बाजूला एक शेतकरी हसत होता.

"आमचं कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही मावशी.

"न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या आणि पाकीट जागेवर ठेवलं. "हे छापलेलंबी पहिल्यापसून न्हवतं. आमचंबी व्हईल." जाताना त्यांनी माझ्याकडून चहा मात्र वसूल केला.

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. चार दिवसांचा ताप झाला आणि संपलं. नसीम आता टोळीची मुकादम होती, तीच मला सांगायला आली. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. मला त्यांची आठवण फार येते. दुकानात कुणी गिऱ्हाईक म्हणालं, की हे असंच चालायचं, की माझा अंगठा नकळत वर होतो आणि मग मला हसू येतं.

हंगाम सुरू झाला. एका सकाळी मला वाटूरला जायचं होतं आणि एसटी निघून गेलेली. समोर बायकांची जीप उभी होती, पुढची सीट मोकळी. मी दाराला हात घातला. ड्रायव्हर म्हणाला, "तिथं न्हाई बसायचं सर. आज मावशीचा नंबर हाय."

मी मागे वाकून पाहिलं. पुठ्ठा तिथेच होता, मळून मऊ पडलेला, दहावं नाव तसंच. दर दहाव्या दिवशी ती सीट रिकामी जात होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी बसतही नव्हतं. मी मागे बायकांच्या मधे पाय दुमडून बसलो आणि परतूर मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिलो. कुणाला माझे डोळे दिसू नयेत म्हणून.

त्या दिवशी टोळीत एक नवी सून आली होती. घनसावंगीकडची, लग्नाला दोन महिने झालेले. तिनं मावशींना कधी पाहिलेलं नव्हतं. ती माझ्या आणि एका पाण्याच्या कॅनच्या मधे दाबली गेली होती. थोडा वेळ तिनं सोसलं. मग तिनं पुढे बघितलं आणि हळूच म्हणाली, "आपुन इथं दाटून बसून राह्यलोत, अन् पुढं सीट मोकळीच. हे पहिल्यापसून असंच हाय का?"

तो प्रश्न कुणाचा आहे, हे तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. नसीमनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. तिनं जीपच्या टपावर दोनदा थाप मारली. जीप थांबली.

"उतर," नसीम त्या सुनेला म्हणाली.

ती घाबरली. "काय चुकलं का माझं?"

"बिलकुल न्हाई. पुढं बस."

ती उतरून पुढे गेली, तोपर्यंत नसीमनं पुठ्ठ्याची सुतळी सोडून घेतली होती. तिनं पर्समधून पेन काढलं, दहाव्या नावावर एक सरळ रेघ ओढली, आणि पुढे वाकून तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं. नसीमनं ते रेघेखाली नीट अक्षरात लिहिलं.

जीप सुरू झाली. नव्या सुनेनं पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. मागून मला तिचा फक्त हात दिसत होता, खिडकीच्या कडेवर ठेवलेला. अंगठ्याचं नख अजून वाढायचं होतं.